पाच आहोत, सात हवेत

भंडारा जिल्ह्यातल्या बंधू-भगिनींनो,


आधी मागणी सांगतो, कारण मागाहून. आम्हाला दोन माणसं हवी आहेत आणि ती दिवाळीच्या आत हवी आहेत. संगणक येणारी नकोत, ती आमच्याकडे आहेत. ज्यांनी गावातली मच्छीमार सोसायटी, दूध डेअरी, बचतगट, भजन मंडळ नाहीतर मंडईची कमिटी चालवली आहे, ज्यांनी पावतीपुस्तक सांभाळलं आहे, वार्षिक सभेत उभं राहून जमाखर्च वाचला आहे आणि मागच्या ओळीतून आलेल्या तिरकस प्रश्नालाही नीट उत्तर दिलं आहे, अशी दोन माणसं हवीत. आम्ही पाच जण आहोत. कायद्याला सात लागतात.

आता आम्ही कोण ते सांगतो.

साकोली, लाखनी, पवनी, तुमसर अशा वेगवेगळ्या ठिकाणचे आम्ही पाच जण आहोत. एक शिक्षक, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, एक कचेरीत कारकून आणि एक पुण्याला नोकरी करणारा. गेली काही वर्षं रात्री जेवणं झाल्यावर आम्ही आपल्या भागातल्या झाडीबोलीच्या शब्दांची यादी करतो आहोत. ही यादी संगणकासाठी आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर मराठी लिहिताना आपण 'पानी' लिहिलं, 'डोरा' लिहिलं, 'जवर' लिहिलं की खाली तांबडी रेघ येते. यंत्राचं म्हणणं असं की तुमचं चुकलं. आपली आजी जन्मभर जे बोलली ते चूक, हे यंत्रानं ठरवावं हे आम्हाला पटलं नाही. ती रेघ पुसावी, एवढ्यासाठी हा उद्योग. झाडीबोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी कधीच पुस्तकांत आणला. दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्यं तर ही बोली रोज जगवतात. आम्ही फक्त ती यंत्राच्या गळी उतरवतो आहोत.

आमचं काम ज्या पायावर उभं आहे तोही कुणी विकत दिलेला नाही. शब्द तपासणारी 'हनस्पेल' नावाची एक मुक्त प्रणाली आहे. लास्लो नेमेथ या हंगेरीच्या माणसानं ती आपल्या हंगेरियन भाषेसाठी रचली. ती भाषा एका शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लावत जाते, आणि तयार तपासनीस तिला पुरे पडत नव्हते. त्यानं केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आज लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये जगभरच्या भाषा त्याच प्रणालीवर तपासल्या जातात. एका माणसानं आपल्या भाषेसाठी खणलेल्या विहिरीवर आपणही घागर भरतो आहोत.

अशा सॉफ्टवेअरला मुक्त म्हणतात. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. फुकट वस्तू देणारा उद्या पैसे मागू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं, पुढं द्यावं, असा परवाना त्याच्या सोबतच दिलेला असतो. तो परवाना मागे घेता येत नाही. म्हणूनच आम्हाला वाटायचं की जे सगळ्यांचं आहे त्याला नोंदणी, शिक्का, अध्यक्ष, सचिव हे लचांड कशाला?

इथंच आमचं चुकलं.

चूक कशी कळली

आषाढात आमच्यातल्या पुण्याच्या मित्राचा गाडीवरून पडून अपघात झाला. आता तो बरा आहे. पण तीन आठवडे तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या ध्यानात आलं की आमचं सगळंच त्याच्या खिशात आहे. संकेतस्थळाचं नाव त्याच्या कार्डावर घेतलेलं. नूतनीकरणाची आठवण त्याच्या ई-मेलवर. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल कुलूपबंद. मोबाइलसाठी आम्ही केलेल्या छोट्या ॲपवर जी डिजिटल सही होते, तिची किल्ली त्याच्याच लॅपटॉपमध्ये. ती किल्ली हरवली तर जुन्या ॲपला सुधारणा पाठवताच येत नाही. लोकांना ते काढून टाकून नवं घ्या, असं सांगावं लागतं. नावाची मुदत संपली होती. सवलतीचे काही दिवस उरले होते म्हणून वाचलो.

हा मित्र दिवाळीनंतर नोकरीसाठी परदेशी जातो आहे. जाण्याआधी सगळं कुणाच्या तरी हवाली करायचं म्हणतो. कुणाच्या? माझ्या नावावर केलं तर खिसा बदलेल, दुखणं तेच राहील. दिवाळीची घाई त्यासाठी.

दुसरा प्रसंग त्याहून छोटा, पण जास्त लागणारा. एक निवृत्त गुरुजी आम्हाला नेहमी शब्द पाठवतात. त्यांच्या पत्नी गेल्या, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ पंचवीस हजार रुपये या कामाला द्यायचे असं त्यांनी ठरवलं. चेकबुक उघडून विचारलं, "नाव काय लिहू?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. माझं नाव लिहा म्हणायला जीभ धजेना. आमच्या गटाला नाव आहे, पण त्या नावाचं खातं नाही, पॅन नाही. गुरुजींनी चेकबुक मिटलं आणि म्हणाले, "संस्था काढा, मग या." ते पैसे अजून त्यांच्याकडेच आहेत.

तलावाकाठची शिकवण

हे कोडं आम्हाला नवं वाटलं. जिल्ह्याला ते नवं नाही.

आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं आणि इतरांनी पाळी घातल्या, पाट काढले, धानाच्या बांध्या भिजवल्या. पुढं तलाव मालगुजाराच्या ताब्यात आले. मालगुजार चांगला असला तर पाळ धड असायची, गाळ निघायचा. नसला तर नाही. सगळं एका माणसाच्या नियतीवर आणि ऐपतीवर चाले. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तिथला १९५०चा कायदा आला, १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जुना राखणदार गेला. नवा राखणदार कागदावर होता, पाळीवर नव्हता. कितीतरी तलाव त्यानंतर गाळानं भरत गेले.

त्या उलथापालथीत गावाचे हक्क कुठं टिकले? जिथं ते लिहिलेले होते तिथं. पाणी कुणी कसं घ्यायचं, गुरं कुठं पाजायची, हा गावाचा रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' आणि निस्तार पत्रकात नोंदलेला होता. म्हणूनच आजही हक्काचा प्रश्न निघाला की जाणती माणसं तो जुना दस्त शोधायला तहसिलीत जातात.

ढिवर बांधवांचंच पाहा. जाळं त्यांचं, पाण्याची पारख त्यांची, कोणत्या तलावात मरळ कुठं बसते हे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनाच ठाऊक. पण तलावाचा ठेका एकट्या दुकट्या ढिवराला मिळत नाही. तो मिळतो मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला. कसब अंगी होतं, ठेक्याच्या कागदावर सही करायला मात्र संस्था लागली. ज्या गावांत ती संस्था जिवंत आहे, सभा होते, हिशेब वाचला जातो, तिथं मासळी सभासदांच्या घरी येते. जिथं ती नावापुरती उरली तिथं ठेका नावानं संस्थेचा आणि नफा भलत्याचाच, हेही आपण पाहिलं आहे.

आमचं सॉफ्टवेअर आज मालगुजारी काळात आहे. मालगुजार भला माणूस आहे, इतकंच आमचं नशीब.

जगात काय झालं

मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठमोठ्या कामांनाही हाच घाट चढावा लागला. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ साली मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि दोनच वर्षांत, १९८५ साली, त्यासाठी फाउंडेशन स्थापलं. मालकीला इतका विरोध असलेल्या माणसालाही संस्था टाळता आली नाही. जगातली असंख्य संकेतस्थळं ज्यावर चालतात तो अपाची सर्व्हर १९९५ पासून एक सैल गट सांभाळत होता. १९९९ साली त्यांनी रीतसर फाउंडेशन केलं, म्हणजे देणग्या घेता येतील आणि कुणी खटला भरला तर एकेका स्वयंसेवकाच्या घरावर येणार नाही.

लिनक्सची गोष्ट तर बोध घेण्यासारखी आहे. हजारो लोक ते घडवत असताना 'लिनक्स' हे नाव अमेरिकेतल्या एका भलत्याच माणसानं १९९४ साली ट्रेडमार्कसाठी दाखल केलं, आणि पुढं त्या नावावर धंदा करणाऱ्यांकडे तो हिस्सा मागू लागला. वाद होऊन १९९७ साली ते नाव लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सकडे आलं. कोड परवान्यानं सुरक्षित होता, नावाला वाली नव्हता.

लिबरऑफिसवाल्यांचं मला सगळ्यांत आवडतं. जुन्या ओपनऑफिसची मालक कंपनी ओरॅकलनं २०१० साली विकत घेतली, तेव्हा स्वयंसेवकांना आपल्या कामाचं काय होणार याची धास्ती पडली. त्यांनी वेगळी चूल मांडली. जर्मनीत फाउंडेशन करायला पन्नास हजार युरोंचं भांडवल लागत होतं. २०११च्या फेब्रुवारीत त्यांनी लोकांना हाक दिली आणि आठ दिवसांत ती रक्कम जमली. वर्षभरानं बर्लिनमध्ये नोंदणी झाली. आपल्याला पन्नास हजार युरो लागत नाहीत. फक्त सात सह्या लागतात.

कायदा काय म्हणतो

वाटा चार आहेत. थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांनी त्यांतली एखादी तुडवलेली आहे.

कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. तिला दोघेही पुरतात. पण दरवर्षीची विवरणपत्रं, डिजिटल सह्या आणि सीएची फी आमच्यासारख्यांना झेपणारी नाही. सहकारी संस्था हा आपल्या ओळखीचा मार्ग, पण महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्यानं वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात, आणि ती सभासदांच्या आर्थिक हितासाठी असते. आम्हाला नफा वाटायचाच नाही. नुसता विश्वस्त न्यास केला तर थोड्या विश्वस्तांच्या हाती सगळं जातं, सभासद आणि त्यांचं मत याला जागा राहत नाही.

म्हणून आम्ही चौथी वाट धरली आहे, १८६०चा संस्था नोंदणी कायदा. सात किंवा अधिक माणसं, एक विधानपत्र, एक नियमावली. कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे, पण साहित्य, शास्त्र आणि उपयुक्त ज्ञानाचा प्रसार हे हेतू त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. आमचं काम त्यात चपखल बसतं. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, ज्याला आपण 'एफ नंबर' म्हणतो तो तिथून मिळतो. धर्मादाय कचेरी भंडाऱ्यातच आहे, नागपूरची वारी नको.

या कायद्यातल्या दोन गोष्टी आम्हाला फार मोलाच्या वाटल्या. एक, संस्था मोडायची तर तीन पंचमांश सभासदांचं मत लागतं. दुसरी, मोडलीच तर उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे उद्या आमच्यातल्या कुणाला मोह झाला, कुणी कंपनीवाला थैली घेऊन आला, तरी तुमचे शब्द विकून आम्हाला पैसे वाटून घेता येणार नाहीत. आमच्या चांगुलपणावर भरवसा ठेवा असं मी म्हणत नाही. कायद्यावर ठेवा.

शब्द कुणाचे

आता एक नाजूक बाब. 'पानी' हा शब्द कुणाच्या बापाचा नाही. पण एखाद्या गुरुजींनी चाळीस वर्षं वही भरली, शब्द निवडले, अर्थ लिहिले, वाक्यांतून वापरून दाखवले, तर ती मांडणी त्यांची आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं ती त्यांच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं त्यांची आणि वारसांची राहते. "घे बाबा, वापर" एवढं तोंडी म्हणणं पुरत नाही. हक्क लिहून दिला पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही, तर फक्त भारत धरतो. सहाव्या वर्षी वारसांनी विचारलं तर आमच्याकडे उत्तर नाही.

आमच्याकडे अशा काही वह्या आहेत. लिहिणारे ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे हक्क काढून घ्यायचे नाहीत. मालक तेच राहोत. त्यांनी मुक्त परवान्यावर वापरू देण्याचं पत्र, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून, हयातीत सही करून द्यावं, आणि ते पत्र जपून ठेवायला कुणाचं घर नव्हे, संस्थेचं कपाट असावं. संस्था मालक नाही, राखणदार. पण राखणदाराला नाव-पत्ता लागतो.

पैशाचं उघड बोलतो

नोंदणी झाली की पैशाचा पाऊस पडेल असा कुणाचा समज नको. नोंदणीनंतर पॅन, बँकखातं, मग आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून वेगळी नोंदणी. लोक जिला 80-जी म्हणतात ती करसवलत देणगीदाराला त्यानंतरच मिळते, आणि तीही दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही.

परदेशी पैसा आम्ही घेणार नाही. विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी तर संस्थेचं तीन वर्षांचं काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. ती आमची ऐपत नाही, आणि गरजही नाही. परदेशी असलेल्या पण भारतीय नागरिकत्व राखलेल्या आपल्या लेकरांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी या कायद्यात परदेशी ठरत नाही. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांनी पैसे नकोत, शब्द पाठवावेत.

आमचा वर्षाचा खर्च किरकोळ आहे. संकेतस्थळाचं नाव, सर्व्हरचं भाडं, ऑडिटरची फी. गावच्या मंडईला एका रात्रीच्या दंडारीसाठी यापेक्षा मोठी वर्गणी निघते.

मग अडतं कुठं

नोंदणी करणं सोपं आहे. टिकवणं अवघड. विकिपीडियासाठी झटणाऱ्या भारतीय स्वयंसेवकांनी २०११च्या जानेवारीत बंगळूरला संस्था नोंदवली. हुशार, निष्ठावंत माणसं होती. पण सरकारी परवाने आणि ठरलेल्या अटी यांच्या पूर्ततेत ते काम वर्षानुवर्षं अडकलं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मूळ फाउंडेशननं या शाखेची मान्यता काढून घेतली. लेख लिहिणारे हजारो होते. कमी पडली ती कागदाची बाजू.

त्यात कुणाला हसण्यासारखं काही नाही. आमचंही तेच होईल, आम्ही पाचांनीच केलं तर. रात्री दोनला उठून सर्व्हर दुरुस्त करणारा माणूस इतिवृत्त लिहायला बसत नाही. नवा सचिव निवडला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, हे त्याच्या गावीही नसतं. मग पाच-सात वर्षांनी खातं बदलायची वेळ येते, बँक म्हणते की धर्मादाय कचेरीच्या नोंदीत अजून जुनाच अध्यक्ष आहे, आणि तो अध्यक्ष वारलेला असतो. जिल्ह्यातल्या किती वाचनालयांची, मंडळांची, शाळा चालवणाऱ्या संस्थांची ही गत आहे, ते इथल्या कोणत्याही वकिलाला विचारा.

ही विद्या आमच्याकडे नाही. ती तुमच्याकडे आहे. संगणक आम्हाला येतो, संस्था तुम्हाला येते. पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्या गटांना हेवा वाटावा इतकी संस्था चालवणारी माणसं आपल्या खेड्यापाड्यांत आहेत. फक्त त्यांना कुणी कधी सांगितलं नाही की सॉफ्टवेअरलाही तुमची गरज असते. आज मी ते सांगतो आहे.

नेमकं काय हवं

दोन संस्थापक सभासद. शक्यतो पाचांच्या नात्यागोत्यातले नकोत. एक तरी बाई असावी. बचतगटांचे हिशेब ज्या चोखपणे त्या ठेवतात, ते आम्ही पाहिलं आहे. एकानं कोषाध्यक्षाचं काम पाहावं, दुसऱ्यानं सचिवाचं. मानधन नाही. महिन्याला एक बैठक, वर्षाला एक सभा.

एक वकील किंवा धर्मादाय कचेरीच्या कामाचा अनुभव असलेली व्यक्ती, विधानपत्र आणि नियमावली एकदा डोळ्यांखालून घालायला. मसुदा तयार आहे.

एक ऑडिटर, जो लहान संस्थेला लहान फी लावेल.

एक पत्ता. नोंदणीला कचेरीचा पत्ता आणि जागामालकाचं संमतीपत्र लागतं. एखाद्या वाचनालयाचा कोपरा, एखाद्या घराची ओसरी चालेल.

आणि ज्यांच्याकडे शब्दांच्या वह्या आहेत त्यांनी त्या द्यायच्या नाहीत, फक्त आहेत एवढं कळवायचं. पत्राचा नमुना घेऊन आम्हीच येऊ.

अजून एक. जिल्ह्यात असे आणखीही गट असतील. कुणी आपले तलाव आणि बोड्या मुक्त नकाशावर टिपत असेल. कुणी शिक्षक पोरांसाठी इंटरनेटशिवाय चालणारे धडे बनवत असेल. त्यांनी वेगळी संस्था काढू नये. सात गटांच्या सात संस्था निघाल्या तर सातही ऑडिटविना मरतील. अमेरिकेत १९९७ साली मुख्यतः डेबियन या एका प्रकल्पासाठी एक संस्था निघाली, पुढं तिच्याच छपराखाली इतर कितीतरी प्रकल्प आले. काम ज्याचं त्याचं, खातं आणि ऑडिट एकत्र. आमच्या नियमावलीत तशी सोय ठेवली आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बांध्या वेगवेगळ्या, पाट एकच.

उशीर का चालणार नाही

धानाची कापणी सुरू झाली की महिनाभर कुणी भेटत नाही. भाऊबीज झाली की मंडया लागतात, मग तर कुणीच नाही. आमचा मित्र त्याच सुमारास विमानात बसेल. तो इथं असेपर्यंत सातांची पहिली सभा व्हावी, ठराव लिहिला जावा, सह्या व्हाव्यात आणि अर्ज दाखल व्हावा. नोंदणी हातात यायला वेळ लागेल, ते ठाऊक आहे. पण संकेतस्थळाचं नाव, सहीची किल्ली आणि पासवर्ड कुणाच्या वतीनं कोण सांभाळतो याचा ठराव तरी इतिवृत्तात लिहिलेला असेल, आणि त्याखाली सात जणांची नावं असतील.

हे पत्रक ज्यांनी आपल्या हाती दिलं, त्यांच्याकडेच आपलं नाव आणि गाव सांगा. दुसऱ्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी घरी येईल. चहा आम्ही मागणार नाही, प्रश्न मात्र विचारा. जितके जास्त प्रश्न विचाराल तितके तुम्ही आम्हाला हवे आहात. स्वतःला जमणार नसेल, तर ज्यांना जमेल असं वाटतं त्यांच्या घरी हे पत्रक पोचवा. मंडळाचे हिशेब लिहून लिहून चष्म्याचा नंबर वाढलेली एक तरी व्यक्ती प्रत्येक गावात असतेच.

निवृत्त गुरुजी परवा पुन्हा भेटले. शब्दांची नवी चिठ्ठी दिली आणि चेकबुकाचं काही न बोलता निघून गेले. पावतीपुस्तक आम्ही अजून छापलेलं नाही. पहिली पावती कुणाच्या पत्नीच्या स्मरणार्थ फाडायची ते ठरलेलं आहे. तिच्यावर कोषाध्यक्ष म्हणून सही कुणाची, तेवढं आपण सांगायचं आहे.

आपले नम्र,
पाच जण